जोडधाव, बहुदिवसीय पर्वतीय

जोडधाव, बहुदिवसीय पर्वतीय : दोन धावकांनी एकच संघ म्हणून, लागोपाठच्या अनेक दिवसांत, डोंगरवाटांनी टप्प्याटप्प्याने पार करावयाची शर्यत. रोजचा मुक्काम आधी ठरलेला असतो, प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी टिपली जाते आणि त्या साऱ्या वेळांच्या बेरजेवर अखेरचा निकाल लागतो. परंतु हिचे खरे व्यवच्छेदक लक्षण असे की, जोडीची वेळ म्हणजे तिच्यातील मागाहून पोहोचणाऱ्याची वेळ. एकट्याच्या शर्यतीत सामर्थ्य हे ज्याचे त्याचे धन असते. येथे ते सामाईक खात्यात जमा होते, आणि ज्याच्यापाशी ते अधिक, त्याने ते कोठे व किती खर्चावे, याचा विवेक हाच या शर्यतीचा आत्मा होय.

ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असे मानण्याची रीत असली, तरी मराठी मुलखाला ती सर्वस्वी परकी नव्हे. अठराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहारात कासिदांचा व जासुदांचा, म्हणजे पत्रे पोहोचविणाऱ्यांचा, उल्लेख येतो तो पुष्कळदा ‘जोडी’ या शब्दाने. अजुरा (मजुरी) ठरवून आणि पोहोचण्याची मुदत बांधून अशी जोडी रवाना करीत. मुदतीत पोहोचल्यास बक्षीस आणि उशीर झाल्यास अजुऱ्यात वजावट, असा करारही होई. घाट, खिंडी आणि भरल्या नद्या ओलांडीत मजल दरमजल धावणाऱ्या या माणसांपैकी एक वाटेत आजारी पडला, तरी पत्रांची थैली पुढे जावी, ही तजवीज त्यात उघड दिसते. त्यांची धाव ही शर्यत नव्हती, चाकरी होती. तथापि, दोन माणसे, अनेक दिवस, डोंगराची वाट आणि डोक्यावर वेळेची मुदत, हे तिचे सारे घटक आजच्या जोडधावेत जसेच्या तसे आढळतात, आणि या प्रकाराचे मराठीत वर्णन करणाऱ्याने प्रथम स्मरण करावे ते या अनाम जोड्यांचे, असे प्रस्तुत लेखकास मनापासून वाटते.

आधुनिक स्वरूपातील जोडधावेचा आरंभ इंग्लंडात १९६८ साली ‘कॅरिमोर’ या नावाने सुरू झालेल्या पर्वत-मॅरॅथॉनपासून धरता येतो. तीत दोघांनी दोन दिवस नकाशा व होकायंत्र यांच्या आधारे स्वतः वाट शोधीत धावावयाचे असते आणि तंबू, अंथरूण, शिधा हे सर्व पाठीवर वाहावयाचे असते. आल्प्स पर्वतातील ‘ट्रान्सआल्पाइन रन’ २००५ साली सुरू झाली. बहुधा जर्मनीकडून निघून ऑस्ट्रियातून इटलीकडे उतरणारी ही आठवडाभराची धाव सुमारे अडीचशे किलोमीटरांची असून तीत एकूण चढ पंधरा हजार मीटरांच्या आसपास भरतो. जोडीतील दोघांमध्ये दोन मिनिटांहून अधिक अंतर पडू नये, हा तिचा नियम प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये २००७ पासून ‘ट्रान्सरॉकीज’ ही सहा दिवसांची धाव होते. भारतात १९९१ पासून संदकफू परिसरात होत असलेली हिमालयातील शंभर मैलांची धाव पाच दिवसांची असली, तरी ती एकेकट्याने धावण्याची आहे.

नाशिककरांना या संदर्भात सहज आठवतील ते डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू. २०१५ साली त्यांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची सायकलशर्यत दोघांच्या संघाने पुरी केली, आणि असे करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. तेथे मात्र एक भाऊ सायकल चालवी तेव्हा दुसरा विसावा घेई. जोडधावेत अशी पाळी नाही, थकवा दोघांचा एकाच वेळी येतो.

हा थकवा चढापेक्षा उतार अधिक देतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना भार पेलीत ताणले जावे लागते, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि तिची वेदना चोवीस ते बहात्तर तासांत शिगेला पोहोचते. म्हणून पहिल्या दिवशी उतारावर दाखविलेल्या उत्साहाची किंमत तिसऱ्या दिवशी चुकवावी लागते. चढावर बळकट गडी आपल्या कमरपट्ट्याला लवचीक दोरी अडकवून तिचे दुसरे टोक सोबत्याकडे देतो. दोरी ताठ असते, पण ओढ जेमतेम जाणवेल इतकीच. हिसका बसला, की मागच्याचे पाऊल चुकते. सह्याद्रीच्या घसाऱ्यावर हीच गोष्ट उलट होते. तेथे पुढचा उतरून बाजूच्या कारवीत सरकेपर्यंत मागच्याने थांबावे लागते, कारण त्याच्या बुटाखालून सुटलेला धोंडा थेट खालच्याच्या पाठीवर यावयाचा. ‘ये’ ही हाक आल्याशिवाय पाऊल उचलावयाचे नाही, एवढा इतबार दोघांत असावा लागतो. मुक्कामावर पोहोचताच एकमेकांचे तळपाय उजेडात तपासणे, फोडाला पट्टी बांधणे, आणि भूक नसली तरी सोबत्यास भाताचे चार घास खावयास लावणे, ही कामे धावण्याइतकीच निकालावर परिणाम करितात.

अशा धावेच्या सरावास नाशिकच्या नैर्ऋत्येकडील अंबड हे स्थान फार सोयीचे आहे. औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून निघालेल्या माणसाला मुंबई-आग्रा महामार्गालगतचा त्रिरश्मी डोंगर, म्हणजेच सातवाहन व क्षहरात काळातील लेखांमुळे प्रसिद्ध असलेली पांडवलेणी, अगदी जवळ पडते, आणि तेथील पायऱ्यांवर तासाभरात अनेक चढउतार होतात. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी आहे, पलीकडे ब्रह्मगिरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो लोक अनवाणी ज्याची फेरी घालतात, तो हाच डोंगर. दक्षिणेस इगतपुरीच्या अंगाला अलंग, मदन, कुलंग आणि १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई ही रांग उभी आहे. पावसाळ्यात कातळटप्पे शेवाळतात आणि वैशाखात पाण्याची टाकी आटतात, म्हणून कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. नवशिक्या जोडीने शनिवारी अंजनेरी व रविवारी पहाटे ब्रह्मगिरी, असा दोन दिवसांचा क्रम ठेवावा, आणि शनिवारी जो मागे पडला, त्याला रविवारी पुढे चालू द्यावे, म्हणजे वेग त्याच्या पायांनी ठरतो.