सातबारा बघितला, पण वाचला का? जमिनीची नोंद शोधायची कशी, लावायची कशी, चुकली तर काय करायचं

बाप जाऊन दहा वर्षं झाली, शेत तिघं भाऊ कसतात, पण सातबाऱ्यावर अजून बापाचंच नाव. अशी घरं प्रत्येक गावात सापडतात. रोजच्या कामात काही अडत नाही. अडतं तेव्हा, जेव्हा पीककर्ज काढायचं असतं, रस्त्यात जमीन जाऊन मोबदला मिळायचा असतो किंवा भावकीत वाद लागतो. त्या दिवशी तहसीलला पळापळ सुरू होते. तेव्हा वेळ असतानाच आपली नोंद कशी बघायची आणि कशी लावायची, हे माहीत असलेलं बरं.

कोणता कागद कशाचा

सातबारा हे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून झालेलं नाव आहे. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख. जमीन कोणाच्या नावावर, किती आणि तिच्यावर कोणाचा हक्क किंवा बोजा आहे, ते यात असतं. नमुना १२ म्हणजे पिकाची नोंद. ही नोंद आता शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर ई-पीक पाहणी ॲपमधून करायची असते. ती राहिली तर विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाच्या खरेदीला अडचण येते.

आठ-अ म्हणजे खाते उतारा. एका गावात एका खात्यावर जेवढे गट असतील ते सगळे यात एकत्र दिसतात. आपले गट नंबर आठवत नसतील तर आधी आठ-अ काढावा.

नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. सातबाऱ्यावर एखादं नाव का चढलं आणि का कमी झालं, याचं कारण इथे मिळतं. सातबाऱ्यावर नावाजवळ कंसात किंवा वर्तुळात जे आकडे दिसतात, ते फेरफाराचे नंबर. सातबारा आजची स्थिती सांगतो, फेरफार त्यामागचा इतिहास सांगतो.

गावठाणातल्या घराचं वेगळं आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नाही. जिथे नगर भूमापन झालं आहे किंवा स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली आहे, तिथे भूमी अभिलेख खात्याकडून मालमत्ता पत्रक मिळतं.

मोबाईलवर कसं बघायचं

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर किंवा नाव टाकलं की सातबारा आणि आठ-अ फुकट दिसतो. हा फक्त माहितीसाठी असतो, सरकारी कामाला चालत नाही.

बँकेत किंवा कचेरीत द्यायचा असेल तर डिजिटल सातबारा संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढावा. एका सातबाऱ्याला १५ रुपये लागतात. त्यावर वेगळा सही-शिक्का घ्यायची गरज नाही.

आपली चावडी ही तलाठी कार्यालयाच्या भिंतीवरची नोटीस आता मोबाईलवर आली आहे असं समजा. आपल्या गावात कोणत्या गटावर कोणता फेरफार धरला आहे, ते इथे दिसतं. आपल्या गटावर आपल्याला न कळवता नोंद पडत असेल तर ती इथेच पहिल्यांदा सापडते. महिन्यातून दोनदा तरी उघडून बघावं.

जुना कागद लागला तर आपले अभिलेख या संकेतस्थळावर स्कॅन केलेले सातबारे आणि फेरफार मिळतात. तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा लागतो. मराठवाड्यात जुना शोध घेताना खासरा पत्रकही मागावं.

उतारा वाचताना कुठे थांबायचं

भोगवटादार वर्ग: वर्ग १ म्हणजे विकायला सहसा सरकारी परवानगी लागत नाही. वर्ग २ असेल तर ती जमीन इनाम, वतन, पुनर्वसन किंवा सरकारने दिलेली असू शकते. परवानगीशिवाय झालेला व्यवहार शर्तभंग ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते.

क्षेत्र: हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. १०० आर म्हणजे १ हेक्टर, ४० गुंठे म्हणजे १ एकर, आणि १ हेक्टर म्हणजे साधारण २.४७ एकर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखाच. पोटखराबा वेगळा दाखवलेला असतो, तो बघून मगच लागवडीचं क्षेत्र मोजावं.

इतर हक्क: बँकेचा आणि सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क, कोर्टाची मनाई हे सगळं याच रकान्यात असतं. कर्ज फेडलं म्हणून बोजा आपोआप निघतोच असं नाही. बेबाकी दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो.

दोन शेरे बऱ्याच जणांना कळत नाहीत. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान असताना हा शेरा लागतो, तो १८ वर्षांचा झाल्यावर अर्ज करून काढता येतो. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव असं लागलेलं असेल, तर जमीन एकट्याची होत नाही. बाकीच्यांनी आपली नावं लावून घ्यावीत.

वारस नोंद कशी लावायची

खातेदार वारला की ३ महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्ज कार्यालयात देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतो. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आठ-अ आणि ओळखीचा पुरावा लागतो. कागद कमी पडला तर अर्ज परत येतो, म्हणून अर्जाचा नंबर जपून ठेवावा आणि स्थिती बघत राहावी. बोजा चढवणं-उतरवणं, अ.पा.क. आणि ए.कु.मॅ. शेरा काढणं, हे अर्जही ई-हक्कमधूनच होतात.

इथे सगळ्यात मोठी चूक होते ती वारस लपवण्याची. हिंदू वारसा कायद्याने मुलगा, मुलगी, बायको आणि मयताची आई हयात असेल तर तीही, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. लग्न होऊन गेलेली बहीण वारस राहत नाही, हा गैरसमज आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने आलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते पक्कं केलं. बहिणीला हिस्सा नको असेल तर आधी तिचं नाव वारसात लावावं, मग तिने राजीखुशीने दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. नुसत्या कागदावर सही-अंगठा घेऊन काम होत नाही. आणि खोट्या प्रतिज्ञापत्रावर लावलेली नोंद वीस वर्षांनीही भाच्यांकडून कोर्टात जाऊ शकते.

खरेदीची नोंद

खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड हे दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावे लागतात. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करायचा असतो. शेतजमिनीचा दस्त नोंदला की त्याची माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे जाते आणि फेरफार धरला जातो, वेगळी वर्दी द्यावी लागत नाही. तरी आपला फेरफार पडला का आणि मंजूर झाला का, हे खरेदीदारानेच बघायचं असतं. पैसे दिले, दस्त झाला, पण नाव चढलंच नाही, आणि तेवढ्यात मूळ मालकाने त्याच सातबाऱ्यावर कर्ज उचललं, अशी भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालतात.

जमीन घ्यायच्या आधी निदान एवढं बघावं:

१. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा आणि आठ-अ.
२. मागचे सगळे फेरफार, विशेषतः वारस आणि वाटपाचे. कोणाचं नाव मधेच गळालं आहे का ते तपासावं.
३. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट नंबर टाकून सूची क्रमांक २. सातबाऱ्यावर न दिसणारा जुना दस्त इथे सापडू शकतो. फार जुने दस्त ऑनलाइन नसतात, त्यासाठी वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्यावा.
४. मोजणीचा नकाशा. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयाकडे करायचा असतो. बांध आणि कागद जुळत नसेल तर आधी मोजणी, मग इसार.

नोटीस आली तर घरात ठेवू नका

फेरफार धरला की तलाठी चावडीवर प्रसिद्धी देतो आणि संबंधितांना नोटीस काढतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत हरकत घेता येते. हरकत लेखी द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं कागदावर राहत नाही. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि दोन्ही बाजूंची सुनावणी होते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

नोटीस घ्यायची नाही म्हणजे नोंद होणार नाही, असं काही लोक समजतात. तसं नसतं. नोटीस टाळल्याने हरकतीची संधीच जाते.

नोंद चुकीची मंजूर झाली तर आदेशापासून ६० दिवसांत प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं. उशीर झाला तर त्याचं सबळ कारण द्यावं लागतं. नावाचं स्पेलिंग, आकड्याची चूक, हस्तलिखितावरून संगणकावर घेताना झालेली गडबड, अशा लेखनप्रमादासाठी महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा आणि जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल जोडावी. हिस्सा बदलणं किंवा नवीन नाव घुसवणं या कलमात बसत नाही.

काम वेळेत होत नसेल तर लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली अधिसूचित सेवेसाठी वरिष्ठांकडे अपील करता येतं. त्यासाठीही अर्जाची पोच लागतेच.

शेवटची गोष्ट

सातबारा खरा आहे असं कायदा धरून चालतो, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. महसुली नोंदीने मालकी तयार होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. मालकी येते वारसाने, दस्ताने, वाटपाने किंवा कोर्टाच्या हुकमाने. मालकीचा वाद असेल तर तो दिवाणी कोर्टातच सुटतो. म्हणून नाव चढलं की काम संपलं असं समजू नये, आणि नाव नाही म्हणून हक्क गेला असंही समजू नये.

आज संध्याकाळी आठ-अ काढा, त्यातल्या प्रत्येक गटाचा सातबारा उघडा आणि घरातल्या जाणत्या माणसासमोर मोठ्याने वाचा. गेलेल्या माणसाचं नाव, फिटलेल्या कर्जाचा बोजा, सुटलेली बहीण, काय राहिलं आहे ते तिथेच कळेल. जुनी माणसं समोर आहेत तोवर हे काम एका अर्जात होतं. नंतर त्यालाच वकील लागतो.