दागिन्याचा कस आणि कूळ

भिवंडीतील एखाद्या सराफाच्या पेढीवर आजीची ठुशी ठेवली, कीं तिचें सोनें काळ्या दगडावर घासून कस सांगितला जातो; पण ती कोणीं व केव्हां घडविली, हें तो दगड सांगत नाहीं. पारखीची ही मर्यादा जुनीच आहे. मराठी अमदानींतला पोतदार नाणीं पारखी, तेव्हां धातु हाच त्याचा विषय असे. सोन्यावरील हॉलमार्क आपल्याकडे २००० सालीं आला व २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला. त्यांतील ९१६ हा आंकडाही बावीस कॅरटाची शुद्धताच सांगतो.

घडणीची ओळख निराळ्या साक्षीवर अवलंबून असते. बडोद्याच्या महाराणी सीतादेवी यांचीं रत्नजडित पैंजणें न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या हॅरी विन्स्टन यानें १९५३ सालीं विकत घेतलीं व त्यांतील पाचू आणि हिरे यांचा हार घडविला. तो आठव्या एडवर्डची पत्नी, विंडसरची डचेस, हिच्या गळ्यांत गेला. १९५७ च्या एका समारंभांत सीतादेवींनीं आपलीं पैंजणें त्या हारांत ओळखलीं, असें सांगतात. रत्नें अस्सल, कारागीर नामांकित. तरी पूर्वकथेची साक्ष दिली ती मालकिणीच्या नजरेनेंच.

आमच्या घरांतील जुन्या दागिन्यांवर बहुधा छाप नसतो. तेवढ्यानें ते खोटे ठरत नाहींत. मात्र मोडींत सोन्याचें मोल येतें, घडणीचें बुडतें. म्हणून छायाचित्र, पावती व सोनाराचें नांव जपून ठेवावें. कस दगड सांगेल. कूळ आपणच सांगितलें पाहिजे.