स्वामी (दूरचित्रवाणी मालिका)

स्वामी : रणजित देसाई यांच्या याच नावाच्या कादंबरीवरील मराठी ऐतिहासिक मालिका. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवरून प्रसारित. दिग्दर्शक गजानन जागीरदार (१९०७–८८). थोरल्या माधवराव पेशव्यांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी, तर रमाबाईंच्या भूमिकेत मृणाल देव (पुढे कुलकर्णी). मृणाल यांची ही पहिलीच मालिका.

कादंबरी १९६२ची, १९६४ साली तिला साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. पानिपताच्या आघातातून दौलत सावरली नव्हती, तोच सोळाव्या वर्षी माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी क्षयाने थेऊरला त्यांचा अंत झाला आणि रमाबाई सती गेल्या. मधल्या अकरा वर्षांत निजामावरचा राक्षसभुवनचा विजय (१७६३), हैदर अलीवरच्या मोहिमा आणि धोडपची लढाई (१७६८) झाली. धोडपला हरलेले चुलते राघोबादादा शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. एवढ्या धामधुमीतही कादंबरीचा जीव रणांगणावर नाही; तो चुलत्या-पुतण्याच्या तेढीत आणि मोहिमांमुळे सतत तुटणाऱ्या एका संसारात आहे. मालिकेच्या ते पथ्यावर पडले. त्या काळच्या तुटपुंज्या साधनांत हजारोंची फौज उभी करणे अवघड; पण सदर, माजघर आणि पलंगावर खोकणारा पेशवा छोट्या पडद्यावर सहज मावतो.

जागीरदारांची निवड अचूक होती. प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) चित्रपटात नायक तेच होते आणि दिग्दर्शनातही त्यांचा वाटा होता. माधवरावांचा धाकटा भाऊ नारायणराव याच्या खुनाबद्दल राघोबांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो न्यायाधीश माधवरावांच्याच दरबारातला. म्हणजे या घराण्याच्या शोकांतिकेचा उत्तरार्ध त्यांनी तरुणपणी रंगवला होता. पूर्वार्ध हाती आला तो म्हातारपणी.

इंदूरच्या होळकरांकडून पाहिले तर या कथेतले राघोबादादा आणखी गडद दिसतात. मल्हारराव होळकर २० मे १७६६ रोजी आलमपूरला वारले आणि वर्षभरात नातू मालेरावही गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या चिथावणीवरून दादा होळकरांची दौलत गिळायला माळव्यात उतरले. मालेरावाची आई अहिल्याबाईंनी लढाईची तयारी केली. बाईशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, असे त्यांनी दादांना बजावल्याची कथा प्रसिद्ध आहे. क्षिप्रेच्या काठी तुकोजी होळकर आडवे आले; दादांनी आपण सांत्वनालाच आल्याची बतावणी केली. माधवरावांनी कौल दिला तो अहिल्याबाईंना. पुण्यात घरचे भांडण वाटते ते इथे राज्याच्या मुळावर उठले होते. या प्रसंगावरच एक मालिका उभी राहील, इतके नाट्य त्यात आहे. होळकरांच्या वाट्याला मोठी मालिका आली ती हिंदीत, ४ जानेवारी २०२१ पासून सोनी वाहिनीवर : ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’. तिला मात्र ‘स्वामी’सारखा कादंबरीचा आधार नव्हता.

‘स्वामी’तल्या रमाबाईंनी, म्हणजे मृणाल कुलकर्णींनी, याच विषयावर ‘रमा माधव’ (२०१४) हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात आलोक राजवाडे माधवराव आणि पर्ण पेठे रमा झाली. स्वतः दिग्दर्शिका सासूच्या, गोपिकाबाईंच्या भूमिकेत होत्या, आणि एकेकाळचे माधवराव मंकणी त्यात नानासाहेब, म्हणजे माधवरावांचे वडील, झाले.