सरकारी कर्मचाऱ्यांचा सामुदायिक वाटाघाटींचा हक्क : कायदा आणि वस्तुस्थिती

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. येथे मोठे उद्योग थोडे आहेत. खेड्यातील कुटुंबाला शासन भेटते ते जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी, आरोग्य केंद्रातील परिचारिका, तलाठी आणि ग्रामसेवक यांच्या रूपाने. हे लोक संपावर जातात तेव्हा शाळा ओस पडते, सातबारा अडतो, दवाखान्यात रुग्ण ताटकळतो. त्यामुळे 'कर्मचाऱ्यांनी शासनाशी बोलायचे कसे?' हा प्रश्न केवळ कर्मचाऱ्यांचा नाही, आपणा सर्वांचा आहे. प्रस्तुत लेखात त्यासंबंधीची माहिती थोडक्यात दिली आहे.

सामुदायिक वाटाघाटी म्हणजे काय?

वेतन, कामाचे तास, रजा, निवृत्तिवेतन यांविषयी एकेका कामगाराने नव्हे, तर सर्वांच्या वतीने संघटनेने मालकाशी बोलणी करणे आणि झालेला करार दोन्ही पक्षांनी पाळणे, म्हणजे सामुदायिक वाटाघाटी. महाराष्ट्राने यासाठी १९७१ साली कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याचा स्वतंत्र कायदा केला. ठरावीक सभासदसंख्या असलेल्या संघटनेस त्याद्वारे औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळू लागली आणि कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिला प्राप्त झाला. एस.टी. महामंडळातील वेतन करार याच परंपरेतील होत.

मंत्रालयातील लिपिक किंवा तहसील कार्यालयातील कर्मचारी यांना मात्र अशी वैधानिक मान्यता नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने संघटना स्थापन करण्याचा हक्क सर्व नागरिकांना दिला आहे. परंतु या हक्कात परिणामकारक वाटाघाटींची किंवा संपाची हमी अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात स्पष्ट केले. पुढच्या वर्षी कामेश्वर प्रसाद खटल्यात, सरकारी सेवकाच्या शांततामय निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, असाही निर्णय न्यायालयाने दिला. पुढे २००३ साली तामिळनाडू शासनाने संपावरील कर्मचाऱ्यांना मोठ्या संख्येने बडतर्फ केले. तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांना संप करण्याचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नाही, असे न्यायालयाने म्हटले. थोडक्यात, संघटना आहे, निदर्शने करता येतात, पण शासनाने वाटाघाटींना बसलेच पाहिजे असे बंधन नाही.

आमदारांच्या दारी

ज्याच्याशी बोलायचे त्याच्यावर बोलण्याची सक्ती नसेल, तर माणूस त्याच्यावर वजन असणाऱ्याकडे जातो. म्हणूनच कर्मचारी संघटना आमदारांकडे निवेदने घेऊन जातात आणि तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा या संसदीय आयुधांचा आग्रह धरतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर निघणारे मोर्चे याच प्रयत्नांचा भाग आहेत.

हिंगोली जिल्ह्यात विधानसभेचे तीन मतदारसंघ आहेत : वसमत, कळमनुरी आणि हिंगोली. शिवाय विधान परिषदेवर मराठवाड्यातील शिक्षक व पदवीधर आपापले प्रतिनिधी निवडतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक किंवा त्यावरील स्तराच्या संस्थेतील शिक्षकांनाच मत देता येते. वाडी-तांड्यावरील प्राथमिक शाळेचे गुरुजी या मतदानातून वगळलेले आहेत.

या मार्गाची ताकद जुन्या निवृत्तिवेतनाच्या प्रश्नात दिसून आली. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना राज्याने अंशदायी योजना लागू केली. जुनी योजना पुन्हा आणल्यास सुमारे १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल, असे डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये शिक्षक मतदारसंघांच्या निवडणुका आल्या आणि सत्ताधाऱ्यांची भाषा मवाळ झाली. १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यव्यापी संप झाला. तो चालू असतानाच्या अधिवेशनात विधिमंडळाने अत्यावश्यक सेवा परिरक्षणाचे विधेयक संमत केले, तर दुसरीकडे निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमण्यात आली. २५ ऑगस्ट २०२४ रोजी मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवर एकीकृत निवृत्तिवेतन योजनेस मान्यता दिली. तिच्यात पूर्ण सेवा झालेल्यांना वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. काही मिळाले, काही राहिले. पण जे मिळाले ते निवडणूक आणि संप यांच्या दडपणाने मिळाले, हे नाकारता येत नाही.

दोन जुने धडे

१९७७-७८ साली र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवसांचा संप केला. त्यावेळी हिंगोली परभणी जिल्ह्यात होते. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा ही प्रमुख मागणी होती. जे बोलणीतून सुटू शकले असते, त्यासाठी राज्याला जवळजवळ दोन महिने मोजावे लागले.

दुसरा धडा एस.टी.चा. तेथे मान्यताप्राप्त संघटना होती. तरीही ऑक्टोबर २०२१ मध्ये शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी कामगार तिला बाजूला सारून संपात उतरले. विलीनीकरण झाले नाही आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले. महिनोन्महिने गावोगावची बस बंद राहिली. कायद्याची मान्यता पुरेशी नाही. सभासदांचा विश्वासही लागतो, हे त्यातून दिसले.

पर्याय काय?

केंद्र शासनाने १९६६ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू केली. वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या विषयांवर मतभेद राहिल्यास सक्तीच्या लवादाची सोय तिच्यात आहे, मात्र अंतिम अधिकार संसदेचा राहतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७८ साली सार्वजनिक सेवेतील संबंधांविषयी १५१ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यास अद्याप अनुमोदन दिलेले नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने तर २०११ साली असलेला वाटाघाटींचा हक्क कायदा करून बहुतांशी काढून घेतला आणि हजारो कर्मचारी तेथील विधानभवनात दाखल झाले. विधिमंडळ जे देते ते काढूनही घेऊ शकते, ही जाणीव आपल्याकडील संघटनांनीही ठेवावी.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण याबाबत समतोल आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगारांच्या संघटित होण्याच्या हक्काची पाठराखण केली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये 'लाबोरेम एक्सेर्सेन्स'मध्ये संप हा योग्य मर्यादेत न्याय्य, पण अखेरचा उपाय मानला. समाजाला अत्यावश्यक असलेल्या सेवा, गरज पडल्यास कायदा करूनही, चालू राहिल्या पाहिजेत, असेही त्यांनी सांगितले.

या दोन्ही गोष्टी एकत्र नांदायच्या असतील, तर संपाला मनाई करणाऱ्या कायद्याबरोबरच संपाची वेळ येऊ न देणारा कायदाही हवा : मागणीला ठरावीक मुदतीत उत्तर, मान्यताप्राप्त प्रतिनिधींशी नियमित बैठका आणि शेवटी निःपक्षपाती लवाद. आमदारांकडे निवेदन घेऊन जाणाऱ्या संघटनांनी वेतन-भत्त्यांच्या यादीत ही मागणी अग्रभागी ठेवावी आणि नागरिकांनीही तिला पाठबळ द्यावे. संवादाचे दार उघडे राहिले, तर शाळेच्या दाराला कुलूप लागणार नाही.