एक संगणक, दोन पॉवर सप्लाय: हुकूम कोणाचा?

१/ आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली आला, तेव्हा त्याचा पॉवर सप्लाय अवघा ६३.५ वॉटचा होता. हार्ड डिस्कचा भार त्याला पेलवणारा नव्हता. म्हणून १९८३ मध्ये आयबीएमने '५१६१' हे जोडखोके काढले. त्यात हार्ड डिस्क होती आणि तिच्यासाठी १३० वॉटचा स्वतंत्र पॉवर सप्लायही होता. एका संगणकाला दोन पॉवर सप्लाय ही रीत इतकी जुनी आहे.

२/ त्या काळी प्रत्येक पॉवर सप्लायला स्वतःचे बटण असे. ते घरातील वीज थेट जोडी वा तोडी. दोन खोकी, दोन बटणे, तंटा नव्हता.

३/ १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' हा आराखडा आणला आणि हा अधिकार मदरबोर्डकडे गेला. पॉवर सप्लाय आता अर्धनिद्रेत राही. मदरबोर्डने हिरवी तार ग्राउंडला जोडली की तो जागा होई. मात्र मदरबोर्डवर ही जोडणी एकच असे. दुसरा पॉवर सप्लाय लावला, तरी त्याच्यापर्यंत हुकूमच पोहोचत नसे.

४/ तरीही भूक वाढत गेली. २००० साली थ्रीडीएफएक्स कंपनीने चार चिपांचे 'व्हूडू ५ ६०००' हे ग्राफिक्स कार्ड तयार केले. त्याच्यासाठी भिंतीतून वीज घेणारा वेगळा अडॅप्टर योजला होता. कार्ड विक्रीला येण्यापूर्वीच कंपनी बुडाली.

५/ पुढे बिटकॉइन आणि इथेरियम मिळवण्यासाठी एकाच मदरबोर्डला सहा-सहा ग्राफिक्स कार्डे जोडली जाऊ लागली. एका पॉवर सप्लायने भागेना. काहींनी दुसऱ्याच्या हिरव्या व काळ्या तारेत कागदाची टाचणी अडकवून तो चालू केला. पण असा पॉवर सप्लाय मदरबोर्डच्या आज्ञेत नसतो. संगणक बंद झाला तरी तो कार्डांना वीज देतच राहतो.

६/ यावर दोन्ही हिरव्या तारा एकत्र आणणारी दुजोडी केबल आली. दोन्ही पॉवर सप्लाय एकाच हुकमाने चालू-बंद होऊ लागले. काळ्या ग्राउंड-ताराही एकमेकींना जोडणे आवश्यक ठरले, कारण कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातील प्रत्येक संकेत ग्राउंडच्या तुलनेतच मोजला जातो.

७/ १२ व्होल्टच्या पिवळ्या तारा मात्र एकत्र करायच्या नसतात. दोघांचे व्होल्टेज तंतोतंत सारखे नसते. किंचित वरचढ असलेला बहुतेक भार एकटा उचलतो. म्हणून प्रत्येक कार्डाची वीजजोडणी एकाच पॉवर सप्लायकडे सोपवली जाते.

८/ सर्व्हरमध्ये शेजारी-शेजारी दोन पॉवर सप्लाय दिसतात, ते याला अपवाद आहेत. भार वाटून घेण्याची आणि एक बंद पडल्यास दुसऱ्याने तो सांभाळण्याची सोय त्यांच्या रचनेतच असते. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायला ती समज कधी दिलीच गेली नाही.