एक्सप्रेस पाकिटे, अमेरिकन

अमेरिकेच्या पश्चिम भागात खासगी एक्सप्रेस कंपन्यांनी वाहून नेलेली पत्रपाकिटे. त्यांचा संग्रह ही टपाल-इतिहासाची महत्त्वाची शाखा आहे. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर दूरच्या खाणवस्त्यांना सरकारी टपाल अपुरे पडू लागले. ती उणीव या कंपन्यांनी भरून काढली. वेल्स फार्गो (स्थापना १८५२) ही त्यांतील प्रमुख. सरकारचे टपालशुल्क भरलेले असणे आवश्यक असल्याने छापील तिकिटाची सरकारी पाकिटे वापरली जात. त्यांवरच कंपनी आपले नाव छापी. सेंट जोसेफ ते सॅक्रामेंटो धावलेल्या पोनी एक्सप्रेसची (१८६०–६१) पाकिटे अतिशय दुर्मीळ आहेत. नाममुद्रा, शिक्के व पत्ता यांवरून पत्राचा मार्ग ठरवता येतो. म्हणून संग्राहकाने पाकीट अखंडच जपावे.