काळवंडलेला रुपया घासू नका

घरात जुना चांदीचा रुपया सापडला की पहिला हात चिंचेकडे जातो, नाहीतर राखेकडे. वर्गात मुले असे नाणे दाखवायला आणतात तेव्हा मी आधी विचारतो, "घासलं नाहीस ना?"

शेरशहा सूरीने सोळाव्या शतकात सुमारे ११.५ ग्रॅम वजनाचा चांदीचा रुपया रूढ केला. मोगलांनी तो पुढे चालवला. मोगल रुपयावर फारसीत बादशहाचे नाव, टांकसाळीचे गाव, हिजरी सन आणि जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष, असे. पेशवाईतल्या पुण्याच्या अंकुशी रुपयावरही शाहआलम बादशहाचे नाव फारसीतच आहे आणि सोबत अंकुशाची खूण. टांकसाळ मराठ्यांची, लिपी फारसी! आपल्या सामायिक इतिहासाचा हा पुरावा तळहातावर मावतो.

हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ काळा थर बसतो. ती नुसती घाण नव्हे. त्यात चांदीच असते. राखेने घासले की त्या थराबरोबर अक्षरांचे काठही झिजतात. सनाचा एखादा आकडा, गावाच्या नावातला एखादा नुक्ता गेला की नाणे कुठले, कधीचे, हे ओळखणे कठीण होते.

धूळ असेल तर डिस्टिल्ड पाण्याने धुवून मऊ सुती कापडाने नुसते टिपावे. पीव्हीसीच्या पाकिटात किंवा रबरबँडमध्ये नाणी ठेवू नयेत. तांब्याच्या शिवराईवर भुकटीसारखे हिरवे ठिपके दिसले तर ती वेगळी ठेवून जाणकाराला दाखवावी.

चकाकी कोणताही सराफ देईल. पुसलेले अक्षर मात्र कुणीच परत देणार नाही.